घरातल्या रेडिओवरनं रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेटी ऑनलाइन अर्काइव्हमध्ये कशा टाकायच्या

मंडळी, तुमच्या घरात, मामाकडे, गावच्या घराच्या माळ्यावर जर अशा कॅसेटी पडल्या असतील की ज्यांच्यावर रेडिओवरनं काहीतरी रेकॉर्ड केलंय, म्हणजे आकाशवाणी पुण्याची एखादी श्रुतिका, मुंबई केंद्राचं 'आपली आवड', सकाळच्या प्रादेशिक बातम्या, मॅचची कॉमेंट्री, अगदी काहीही, तर त्या कॅसेटी आता लवकरात लवकर कॉम्प्युटरवर घ्या. पुढे सगळं लिहिलंय, कसं घ्यायचं, कुठे टाकायचं, कायद्याचं काय. लांब आहे पण एकदा वाचून घ्या.

पहिलं म्हणजे अनेकांना वाटतं की रेडिओवर जे वाजलं ते सगळं आकाशवाणीकडे असणारच. तसं नाहीये. आकाशवाणीचं स्वतःचं मोठं संग्रहालय आहे आणि त्यातलं बरंच डिजिटल झालंय, प्रसार भारती अर्काइव्ह्जने ते लोकांपर्यंत आणलंही आहे, पण रोजच्या प्रसारणातला खूप मोठा भाग लाइव्ह जायचा, तो रेकॉर्डच व्हायचा नाही. आणि टेप महाग होती, तीच पुसून परत वापरायची पद्धत जगभरातल्या रेडिओ-टीव्ही स्टेशनांवर होती, बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेचे सुद्धा साठ-सत्तरच्या दशकातले ढीगभर कार्यक्रम असेच गेले. त्यामुळे कुणीतरी घरी टू-इन-वनचं (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं मशीन) लाल बटण दाबून जे पकडलं तीच कधीकधी त्या प्रसारणाची एकमेव कॉपी असते. गीतरामायणाचंच बघा, १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरनं सुरू झालं, वर्षभर चाललं, ५६ गाणी, आणि रेडिओवर ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. आज आपल्या कानात बसलंय ते बाबूजींच्या (सुधीर फडक्यांच्या) एकट्याच्या आवाजातलं, नंतरच्या रेकॉर्डमधलं. इतक्या गाजलेल्या गोष्टीचं सुद्धा रेडिओवरचं रूप वेगळं आणि घराघरातलं रूप वेगळं, मग ज्यांची कधी रेकॉर्ड निघालीच नाही त्या श्रुतिकांचं आणि 'कामगार सभा' या कार्यक्रमाचं काय झालं असेल विचार करा.

म्हणून या सगळ्या लेखात एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा, बाकी चुकलं तरी चालेल: मधलं काही कापू नका. गाणं दुसरीकडे मिळेल, यूट्यूबवर दहा वेळा मिळेल. गाण्याच्या आधी निवेदिकेने वाचलेली फर्माईश करणाऱ्यांची नावं, गावांची नावं, वेळेचे ते टुक टुक, साबणाची जाहिरात, "काही तांत्रिक कारणामुळे" वाली दिलगिरी, हे कुठेच मिळणार नाही. प्रसारण म्हणजे हेच सगळं मिळून असतं.

आधी यादी, मग मशीन

कॅसेटी बाहेर काढल्या की लगेच वाजवायला जाऊ नका. आधी प्रत्येकीला नंबर द्या (छोटं स्टिकर, कॅसेटवर आणि डबीवर दोन्हीकडे, कारण डब्या हमखास अदलाबदल झालेल्या असतात) आणि मोबाइलने फोटो काढा, डबीतल्या कार्डाच्या दोन्ही बाजू, कॅसेटच्या ए आणि बी बाजूचं लेबल. आजोबांच्या अक्षरात कोपऱ्यात लिहिलेलं "श्रावण, मंगळवार रात्री" हे तुम्हाला आज फालतू वाटेल पण तारीख शोधताना हाच धागा लागतो.

आणि ज्यांनी रेकॉर्ड केलं ते हयात असतील तर त्यांना आत्ताच विचारा, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. रेडिओ कुठला होता, कुठल्या गावी ऐकत होता, कुठलं स्टेशन लागायचं, हेच का रेकॉर्ड केलं. दहा मिनिटं बोलले तरी पुरे. ही माहिती कॅसेटवर कुठेच नसते.

मग कॅसेटच्या वरच्या कडेला, टेप दिसते त्याच्या उलट्या बाजूला, दोन छोटे प्लॅस्टिकचे चौकोन असतात ते तोडून टाका. ते तोडले की मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्ड करूच शकत नाही. चुकून बटण दाबलं गेलं तरी वाचते. हे काम सगळ्या कॅसेटींना पहिल्या दिवशीच करा.

आधी कुठल्या घ्यायच्या? घरी रेकॉर्ड केलेल्या आधी, विकत घेतलेल्या शेवटी (विकतच्या हजारो छापल्या गेल्यात). त्यातही बुरशी लागलेल्या आणि ९० आणि १२० मिनिटांच्या आधी, कारण कॅसेट जितकी जास्त मिनिटांची तितकी आतली टेप पातळ. ६० वाल्याची टेप साधारण १८ मायक्रॉन, ९० ची १२ च्या आसपास, १२० ची ९ वगैरे, ती जरा ताण पडला की ओढली जाते, गुंडाळते, रोलरमध्ये अडकते.

बुरशी, तुटलेली पट्टी आणि पॅड

आपल्याकडे पावसाळा हा टेपचा सगळ्यात मोठा शत्रू. कोकणात, मुंबईत, गोव्यात ठेवलेल्या कॅसेटी खिडकीतून बघितल्या की गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसते, ती बुरशी. अशी कॅसेट दुसऱ्या कॅसेटींच्या डब्यात ठेवायची नाही आणि चांगल्या मशीनमध्ये तर अजिबात टाकायची नाही, एक नासका आंबा सगळी आढी नासवतो तसं हेडवरनं (टेपवरचा आवाज उचलणारा मशीनचा भाग), रोलरवरनं ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. मास्क घाला, ग्लोव्हज घाला, घराबाहेर किंवा गॅलरीत काम करा, आणि आधी ती कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर काही दिवस पूर्ण कोरडी होऊ द्या. कोरडी झाली की बुरशी मऊ ब्रशने निघते, ओली असताना पसरते. नंतर एखाद्या टाकाऊ प्लेअरमध्ये, जो फक्त याच कामाला ठेवायचा, हळू पुढे-मागे गुंडाळून घ्या, मध्ये मध्ये टेप स्वच्छ मऊ कापडावरनं जाऊ द्या. (जे नातेवाईक ऐंशीच्या दशकात कुवेतला किंवा कॅलिफोर्नियाला गेले आणि जाताना कॅसेटी घेऊन गेले त्यांना पण विचारा. कोरड्या हवेतल्या कॅसेटी बहुतेक वेळा जास्त चांगल्या राहिलेल्या असतात.)

कॅसेटच्या मधोमध, जिथे हेड येऊन टेकतं तिथे पातळ पत्र्याच्या स्प्रिंगवर किंवा स्पंजवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. जुन्या कॅसेटींचा गोंद सुकून तो पडलेला असतो आणि मग आवाज दबका, येतो-जातो असा होतो आणि लोकांना वाटतं टेपच खराब झाली. टेप ठीक असते. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर उघडा, दोन्ही चक्र अलगद उचलून एखाद्या चांगल्या कॅसेटच्या कवचात टाका. स्क्रू नसतील, चिकटवलेली असेल, तर कडेने पातळ ब्लेडने सांधा उघडावा लागतो, सावकाश, आणि आधी एखाद्या बिनकामाच्या कॅसेटवर हात बसवून घ्या.

टेप तुटली असेल तर जोडायला साधी सेलोटेप नको. तिचा गोंद काही महिन्यांत कडेने बाहेर येतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. कॅसेटची स्प्लायसिंग टेप मिळते, तीच वापरायची आणि मागच्या बाजूने लावायची, म्हणजे हेडला जी लागत नाही ती बाजू.

स्पूल टेप असतील, मोठ्या चक्राच्या, तर माझं स्पष्ट मत असं की घरी प्रयोग करू नका. त्यांचे स्पीड वेगळे (सेकंदाला १९ सेंमी, साडेनऊ सेंमी, कधी त्याहून कमी), ट्रॅकची रचना वेगळी, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपचा बाइंडर (चुंबकी लेप धरून ठेवणारा गोंद) हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, वाजवायला गेलं की किंचाळते आणि तपकिरी लेप हेडवर सोडते. त्यावर ठरावीक तापमानाला कित्येक तास शेकण्याचा उपाय आहे पण तो सगळ्या प्रकारच्या टेपना चालत नाही, अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या जुन्या टेपची तर वाट लागते. व्हिनेगरसारखा वास आला तर ती अ‍ॅसिटेट, वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे द्या.

मशीन

यूएसबीवाले छोटे कॅसेट प्लेअर ऑनलाइन हजार-दोन हजारात मिळतात, ते घेऊ नका. त्यांची मोटर हलकी, स्पीड हलतो, आवाज लहरतो. त्यापेक्षा जुना चांगल्या कंपनीचा कॅसेट डेक शोधा, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली किंवा जुना बाजार, नाहीतर ओळखीत कुणाकडे तरी पडलेला असतोच. बेल्ट सैल झालेले असणार, ते बदलून घ्या, आणि रबरी रोलर कडक किंवा चकचकीत झाला असेल तर तोही. ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं तेच टू-इन-वन अजून चालत असेल तर ते पण ठेवा, का ते पुढे सांगतो.

प्रत्येक दोन-तीन कॅसेटींनंतर हेड आणि लोखंडी दांडी (कॅप्स्टन) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, कानात घालायच्या कापसाच्या काडीने. ९९ टक्केवालं घ्या, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७० टक्केवाल्यात पाणी जास्त असतं. रबरी रोलर मात्र सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा.

कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप मोकळी होते. फार घट्ट असेल तर मशीनऐवजी पेन्सिलीने.

हेडचा कोन, म्हणजे अझिमथ

इथे जरा थांबा कारण आवाजातला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो आणि बहुतेक लोक हे करतच नाहीत. टेपवर आवाज उभ्या बारीक रेषांसारखा उमटलेला असतो, आणि वाजवणाऱ्या हेडची फट त्या रेषांना अगदी समांतर असावी लागते. घरच्या टू-इन-वनचं हेड थोडं तिरकं असेल तर रेकॉर्डिंगही तेवढंच तिरकं उमटतं, आणि तुमच्या नीट सरळ लावलेल्या डेकवर ते वाजवलं की वरच्या पट्टीतला आवाज गायब, माणूस तोंडावर रुमाल धरून बोलतोय असं वाटतं. लोक मग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवत बसतात. जे हेडनेच उचललं नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार!

हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो स्प्रिंगवर बसवलेला. कॅसेट वाजत असताना बारीक स्क्रू-ड्रायव्हरने (चुंबक लागलेला नको, हेडला चुंबकत्व देईल) तो अगदी हळू, पाव फेरा इकडे पाव फेरा तिकडे फिरवा आणि निवेदकाचे स, श, च ऐका. एका जागी ते एकदम स्वच्छ उघडतात, तिथे थांबा. डोळ्यांनी बघायचं असेल तर स्टिरिओत रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये झूम करा, घरचं मोनो रेकॉर्डिंग असेल तर डाव्या-उजव्या चॅनेलच्या लाटांची टोकं एकाखाली एक यायला हवीत, मागे-पुढे असतील तर अजून फिरवायचंय. हे प्रत्येक कॅसेटला, खरं तर प्रत्येक बाजूला नव्याने करावं लागतं. आणि म्हणूनच ते मूळ टू-इन-वन ठेवा म्हटलं, त्याचं हेड हललं नसेल तर त्याच्यावरच्या कॅसेटींचा कोन त्याला आपोआप जुळतो.

डॉल्बीचं (टेपची खरखर कमी करणारी सोय) बटण बंद ठेवा. घरच्या मोनो टेपरेकॉर्डरवर डॉल्बी नसायचं, चालू ठेवलंत तर उगाच आवाज दबेल.

जोडणी आणि सेटिंग

डेकच्या लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरला पोचवणारी छोटी डबी) लाइन इनला, तिथून यूएसबीने लॅपटॉपला. लॅपटॉपच्या हेडफोनवाल्या भोकात घालू नका, तिथे असलाच तर माइकचा इनपुट असतो आणि तोही मोनो. टू-इन-वनला लाइन आउट नसेल तर इअरफोनच्या सॉकेटमधून घ्यावं लागेल, तेव्हा व्हॉल्यूम मध्यावर आणि टोनचं बटण मधोमध. ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने जाते.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. आवाजाच्या संग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयासा, ती किमान एवढं तरी ठेवा असं सांगते. स्वस्त इंटरफेस १६ बिटच देत असेल तर तेच वापरा, चांगला मिळेपर्यंत वाट बघत बसू नका. स्टिरिओ अशासाठी की नंतर दोन्हीपैकी जो चॅनेल चांगला तो निवडता येतो. तासाला साधारण १ जीबी जागा लागते. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील, लाल दिवा लागता कामा नये कारण एकदा फाटलेला आवाज शिवता येत नाही. विंडोजमधले साउंड एन्हान्समेंट बंद, व्हॉट्सअ‍ॅपचे आवाज बंद.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे, पुरेसं आहे. फक्त एक्स्पोर्ट करताना २४ बिट निवडलंय ना ते बघा.

मग एक बाजू सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका दमात घ्या, आणि समोर बसून ऐका. हो, अख्खी. ऐकताना वहीत किंवा शीटमध्ये लिहीत जा: ००:०० आपली आवड मध्यातून सुरू, ०७:१२ जाहिरात, ०८:४० वेळ, बातम्या सुरू. मध्येच आजीचा आवाज येतो, पोळी करायला हाक मारते, तेही लिहा.

सफाईचा मोह

ही जी फाइल निघाली ती मास्टर. तिला हात लावायचा नाही. नॉइज रिडक्शन नाही, नॉर्मलाइझ नाही, सुरुवातीची खरखर कापायची नाही, दोन गाण्यांमधली शांतता काढायची नाही. ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन जरा जास्त लावलं की स आणि श खातं आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि पाच वर्षांनी याहून कितीतरी चांगली सॉफ्टवेअर्स येतील, तेव्हा त्यांना द्यायला कच्चा माल हवा ना.

शॉर्टवेव्हवरनं घेतलेलं असेल, म्हणजे रेडिओ सिलोन वगैरे, १९५२ ला सुरू झालेली बिनाका गीतमाला लोक त्यावरच ऐकायचे, तर आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. ते वातावरणाच्या वरच्या थरामुळे होतं आणि महाराष्ट्रात बसून सिलोन ऐकणं म्हणजे तसंच ऐकणं होतं. सपाट करू नका.

ऐकायला सोयीची म्हणून वेगळी कॉपी करा, एमपी३, त्यात थोडी सफाई केली तरी हरकत नाही, पण काय केलं ते लिहून ठेवा.

स्पीडचं एक सांगतो. बॅटरी उतरलेल्या टू-इन-वनवर रेकॉर्ड केलं असेल तर आता ते वेगात वाजतं, आवाज चिरका होतो. तासाच्या ठोक्याचे टुक टुक टेपवर असतील तर त्यांच्यातलं अंतर मोजा, ते एक सेकंद असायला हवं. गुणगुणीच्या ५० हर्ट्झवरनं पण अंदाज येतो पण आपल्याकडे विजेची फ्रिक्वेन्सीच त्या काळात बरीच हलायची, म्हणून टुक टुक जास्त भरवशाचे. दुरुस्ती अर्थात कॉपीत करायची.

तारीख कशी शोधायची

मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. कार्डावर तारीख नसेल तरी टेपवर ती कुठेतरी लपलेली असते, ऐकायला मात्र नीट लागतं.

बातम्या असतील तर सोपं, एखादी घटना पकडायची आणि जुनी वर्तमानपत्रं बघायची. मॅच असेल तर त्याहून सोपं, स्कोअरवरनं थेट दिवस मिळतो. बातम्या वाचणाऱ्याच्या नावावरनं पण काळ कळतो, "सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे" हे ऐकलं की पुणे केंद्र तर नक्की झालंच.

जाहिराती आहेत? विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली पण तिच्यावर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि त्यासुद्धा सगळ्यात आधी मुंबई, पुणे, नागपूर इथे. म्हणजे विविध भारतीवर जाहिरात असेल तर त्यानंतरचं. पत्र पाठवायचा पत्ता सांगताना पिनकोड सांगतायत का? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. हिंदी किंवा इंग्रजी निवेदनात बम्बई, बॉम्बे म्हणतायत का, मुंबई हे अधिकृत नाव १९९५ ला झालं.

आणि एक खास युक्ती. निवेदक मीटर आणि किलोहर्ट्झ सांगतात ना, तो आकडा लिहून घ्या. नोव्हेंबर १९७८ मध्ये आशिया, युरोप, आफ्रिकेतली मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर नव्याने बसवली गेली, म्हणून आपल्या ओळखीचे आकडे, पुण्याचं ७९२, मुंबई अस्मिता वाहिनीचं ५५८, या सगळ्यांना ९ ने पूर्ण भाग जातो. टेपवरच्या मीडियम वेव्हच्या आकड्याला ९ ने भाग जात नसेल तर रेकॉर्डिंग त्या बदलाच्या आधीचं असण्याची शक्यता खूप मोठी.

यातनं दिवस नाही मिळाला तर "१९७२ ते १९७८ च्या दरम्यान" असं लिहा आणि कशावरनं ते पण लिहा. ठोकून दिलेली तारीख फार वाईट, कारण ती पुढे कॉपी होत जाते आणि कुणी तपासत नाही.

कायदा

आता हे टाळता येत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे प्रसारणावर प्रसारकाचा वेगळा हक्क असतो आणि तो प्रसारण झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून २५ वर्षं टिकतो. म्हणजे १९८५ चं प्रसारण असेल तर तो हक्क २०१० च्या शेवटी संपला. हे वाचून लोक खूश होतात आणि सगळं अपलोड करतात, पण आत जे वाजलं त्याचे हक्क वेगळे आहेत. श्रुतिका ज्यांनी लिहिली त्यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रिकेचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकारांचे हक्क वेगळे. सरकारी साहित्यालाही ६० वर्षं. त्यामुळे सिनेमाची गाणी भरलेला कार्यक्रम अख्खा टाकला तर तक्रार येऊ शकते आणि फाइल उडू शकते.

मी असं सुचवेन. मास्टर सगळ्याचे करा, त्यात तडजोड नाही, स्वतःच्या घरगुती वापरासाठी आणि अभ्यासासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग ठेवायला कायद्यात जागा आहे. सार्वजनिक टाकताना मात्र निवडा. जिथे लेखकाचं किंवा कलाकाराचं कुटुंब सापडतं तिथे सरळ फोन करून विचारा. त्यांच्याकडे स्वतःकडे तो आवाज नसतो बऱ्याचदा, एक कॉपी त्यांना आधी द्या, मग परवानगीचं बोला, आणि मिळाली तर लेखी घ्या, मेलवर चालेल. जे टाकता येत नाही त्याची नुसती सूची टाका, कुठला कार्यक्रम, कधीचा, कोण बोललंय, कुणाकडे आहे. सूचीला कुणाचा आक्षेप नसतो आणि शोधणाऱ्याला रस्ता मिळतो. शिवाय ज्या केंद्राचं रेकॉर्डिंग आहे त्या केंद्राला पत्र लिहून कळवा की हे आमच्याकडे आहे. एखाद्या ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ कॅसेट असेल तर जतनासाठी डिजिटल कॉपी ठेवायची मुभा त्यांना कायद्याने आहे, तेव्हा गावातल्या जुन्या वाचनालयाशी पण बोला. मोठा संग्रह असेल तर मात्र वकिलाचा सल्ला घ्याच.

आणि फर्माईशीत नुसती नावं-गावं येतात ती राहू द्या, पण एखाद्या फोन-इन कार्यक्रमात कुणी आपलं दुखणं किंवा घरचं भांडण सांगितलं असेल तर तो भाग सार्वजनिक कॉपीत टाकायचा का याचा नीट विचार करा.

अपलोड

सगळ्यात सोपी जागा इंटरनेट अर्काइव्ह. अकाउंट फुकट, जागेला पैसे नाहीत, आणि यूट्यूबसारखी दाबून लहान केलेली नाही तर मूळ फाइल जशीच्या तशी डाउनलोड करता येते. मास्टर वेव्ह फाइलचं फ्लॅक करून टाका, आकार बराच कमी होतो आणि आवाजातलं काहीही जात नाही. ऐकायची एमपी३ ती साइट स्वतः बनवते.

एक कॅसेट म्हणजे एक पान, त्यात ए आणि बी बाजू दोन फाइली, आणि कार्डाचे फोटो. कार्यक्रम तोडून वेगवेगळ्या पानांवर टाकायचा मोह होतो पण मग कशाच्या नंतर काय लागलं होतं ते हरवतं. पानाचा आयडेंटिफायर (पानाच्या वेब-पत्त्यातलं नाव) एकदा दिला की बदलता येत नाही म्हणून आधीच ठरवून घ्या, इंग्रजी छोटी अक्षरं, मध्ये स्पेस नाही, केंद्राचं नाव, वर्ष, कॅसेटचा नंबर. फाइलच्या नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात.

वर्णन मराठीत लिहा, देवनागरीत, आणि खाली तेच थोडक्यात रोमन अक्षरांत, कारण लोक दोन्हीनं शोधतात. आकाशवाणी आणि ऑल इंडिया रेडिओ दोन्ही शब्द येऊ द्या. भाषेच्या रकान्यात मराठी भरायला विसरू नका, ते रिकामं राहिलं की भाषेनुसार शोधणाऱ्याला तुमची कॅसेट दिसतच नाही. तुमची ती वेळेची नोंदवही अख्खी वर्णनात पेस्ट करा. तुम्हाला जे नाव ओळखता आलं नाही तिथे "ओळख पटली नाही, २३:१० ला ऐका" असं लिहा. 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतल्या टेकाडे भावजींचा आवाज दोन वाक्यांत ओळखणारे लोक अजून आहेत, ते खाली लिहून जातात.

कॉप्या

नुसतं अपलोड केलं म्हणजे झालं असं नाही. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. एक हार्डडिस्क तुमच्याकडे, एक बहिणीकडे दुसऱ्या गावी, एक ऑनलाइन. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) काढून टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, एमडी५ चालेल, आणि वर्षातून एकदा डिस्क लावून तो जुळतोय का बघा, दिवाळीच्या साफसफाईला हे काम जोडून टाकलं की लक्षात राहतं. पेन ड्राइव्हवर एकमेव कॉपी ठेवू नका.

मूळ कॅसेटी फेकायच्या नाहीत. उद्या जास्त चांगलं हेड, जास्त चांगलं मशीन मिळालं तर परत घेता येतील. पूर्ण मागे गुंडाळून, डबीत घालून, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट, स्पीकर आणि मोटरपासून लांब. पुड्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बदला, आणि डब्यावर बाहेरनं संग्रहाच्या पानाचा पत्ता आणि डिस्क कुणाकडे आहे त्याचं नाव लिहून चिकटवा, म्हणजे तुमच्यानंतर जो कोणी डबा उघडेल त्याला हे सगळं आधीच झालंय हे कळेल.